बर्नस्टाईन, गोल्डिंग्ज, स्ट्युअर्ट: जरूर ऐका, पण बिल वाचून सही करा

सरळ सांगते. पीटर बर्नस्टाईन (गिटार), लॅरी गोल्डिंग्ज (हॅमंड ऑर्गन) आणि बिल स्ट्युअर्ट (ड्रम्स) हे जॅझ त्रिकूट न्यूयॉर्कात वाजवत असेल तर बाकीचे बेत मोडून जा. आणि बिलावर सही करण्याआधी त्यातली प्रत्येक ओळ वाचा. हे दुसरं मला कोणीच सांगितलं नव्हतं, म्हणून आधी त्याबद्दल.

मॅनहटनमधला क्लब, नाव मुद्दाम लिहीत नाही. तिकीट माणशी ४५ डॉलर, ऑनलाइन घेतलं म्हणून वर माणशी ७. शिवाय टेबलाला बसलात की माणशी किमान २५ डॉलरचं खाणंपिणं घ्यावंच लागतं. इथपर्यंत तक्रार नाही, तशी सूचना लिहिलेली होती. आम्ही दोघांनी मिळून ६२ डॉलरचं घेतलं आणि बिल आलं ९७.९० चं. शहरातला विक्रीकर ८.८७५ टक्के, म्हणजे साडेपाच डॉलर, मान्य. उरलेले ३०.४० डॉलर २० टक्के सेवा शुल्काचे. अहो, ६२ चे २० टक्के १२.४० होतात! आधीच भरलेले तिकिटाचे ९० डॉलरही त्यांनी त्या हिशोबात धरले होते. त्याखाली पुन्हा टिपची रिकामी ओळ, १८, २० आणि २२ टक्क्यांचे आकडे छापून. मॅनेजरला बोलावलं तर त्याने एक शब्द न बोलता १८ डॉलर कमी केले. शेजारच्या टेबलावरचं वयस्कर जोडपं तोवर त्या ओळीत टिप भरून निघून गेलं होतं. त्याची चीड अजून गेलेली नाही. तेव्हा सेवा शुल्क लावलेलं असेल तर टिपच्या ओळीवर काट मारा आणि शुल्क कशावर लावलंय ते विचारा. यात लाजण्यासारखं काही नाही.

आता जागा. तिकिटावर टेबल क्रमांक नसेल तर दार उघडायच्या आधी अर्धा तास रांगेत उभं राहा. आम्हाला लेस्ली स्पीकरच्या अगदी तोंडाशी बसवलं. लेस्ली म्हणजे लाकडी कपाट, ज्यात वरचा कर्णा आणि खालचा ढोल फिरतो. ऑर्गनचा तो थरथरता आवाज त्यातूनच येतो. तिथे बसलं की गिटार मेलीच समजा. तीन गाण्यांनंतर पलीकडचं टेबल रिकामं झालं आणि आम्ही न विचारता तिकडे सरकलो. तुम्ही सुरुवातीलाच गिटारच्या बाजूची, ऑर्गनवादकाचे पाय दिसतील अशी जागा मागा. कोपऱ्यातली दिली तर घेऊ नका, थांबा.

पाय का, तर या बँडमध्ये बास, म्हणजे खालच्या सुरांची साथ, वाजवणारा वेगळा माणूस नसतो. ते काम ऑर्गनवालाच करतो: बहुतेक वेळा बासची ओळ डाव्या हाताने, आणि तिला धार द्यायला पायाखालच्या २५ पेडलांवर हलके ठोके. उजवा हात तेव्हा वेगळंच काहीतरी बोलत असतो. संगीत नाटकाच्या साथीचा ऑर्गन कानात असेल तर तो विसरा. तो हवेवर चालणारा. हॅमंडमध्ये विजेच्या मोटरवर ९१ दातेरी चकत्या फिरतात आणि त्यांच्यासमोरच्या चुंबकांवरच्या वेटोळ्यांत विजेचा संकेत तयार होतो, त्याचाच पुढे स्पीकरमधून आवाज होतो. हॅमंडचं बी-३ हे मॉडेल १९७० च्या दशकाच्या मध्यावर बंद झालं. बाक आणि पेडलांसकट त्याचं वजन १९० किलोच्या आसपास भरतं, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी त्याऐवजी डिजिटल कीबोर्ड ठेवतात. तिकीट काढण्याआधी फोन करून विचारा: खरा हॅमंड आणि खरा लेस्ली आहे का? नसेल तर एवढ्या पैशांत जाऊ नका.

आणि वादन! हे तिघे १९८९ च्या सुमारास अप्पर वेस्ट साइडला ऑगीज नावाच्या छोट्या बारमध्ये एकत्र वाजवायला लागले, तेव्हा विशीत होते. आज साठीच्या उंबरठ्यावर आहेत आणि एकमेकांना काही दाखवून देण्याची गरज संपलेली आहे. बर्नस्टाईन एक सूर लावून थांबतो आणि त्या थांबण्यात गोल्डिंग्ज घाईने काही भरत नाही. स्ट्युअर्टचं तर काय सांगू! सोलोतही गाण्याची चाल ऐकू येत राहते, कान देऊन ऐकलं तर कितव्या ओळीवर आहोत तेही कळतं. गाणं इतकं संथ घेतात की दुसरा कोणताही बँड कोसळेल, आणि यांची लय तसूभरही ढळत नाही. स्लो ब्लूज सुरू झाला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

‘नंतर कधीतरी ऐकू’ म्हणू नका. ऑर्गनवादक डॉ. लॉनी स्मिथ २०२१ मध्ये गेले, जोई डिफ्रान्सेस्को, तोही ऑर्गनवालाच, २०२२ मध्ये, अवघ्या ५१ व्या वर्षी. दोघांनाही मी पुढच्या खेपेवर टाकत राहिले होते.

पहिला सेट, म्हणजे एका रात्रीतल्या दोन खेळांपैकी लवकरचा, घेऊ नका. काटेचमचे वाजत राहतात आणि वेटर मधून मधून वाकतो. उशिराचा सेटच घ्या. मात्र दोन्ही ऐकायचे तर बहुतेक ठिकाणी तिकीट आणि खाण्याची किमान रक्कम पुन्हा भरावी लागते, ते धरून चला.

न्यू जर्सीतल्या एडिसन, मेट्रोपार्क बाजूच्या मंडळींनी गाडी नेऊ नये. बोगद्याचा टोल, ६० व्या रस्त्याच्या खाली दिवसा ९ डॉलरचा गर्दीचा कर आणि वर पार्किंग, एवढ्यात आणखी एक तिकीट येतं. ट्रेनने जा, पण मध्यरात्रीनंतर पेन स्टेशनहून गाड्या विरळ होतात. एक चुकली की बराच वेळ उभं राहावं लागतं, आणि रात्री एकला ते जिवावर येतं. परतीच्या शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा लिहून ठेवा आणि बिल शेवटचं गाणं सुरू होण्याआधी मागवा, म्हणजे भांडायला वेळ मिळतो. गाणं अर्ध्यावर सोडून मात्र उठू नका. त्यापेक्षा गाडी चुकू द्या.