कंबर उतरली, काट्यावरची चरबी मात्र चढली

मंडळी, आपल्या चरबी उतरवण्याच्या मोहिमेचा हा हप्ता ठरल्या वेळेआधीच टाकतोय, कारण आकड्यांचा मेळ बसत नाहीये. कंबर दीड सेंटिमीटर उतरली, पोटाची चिमटी (चिमटीत धरलेल्या कातडी-चरबीची जाडी) २६ वरून २३ मिमीवर आली, वजन ७४ वरून ७३ किलो झालं. आणि त्याच सकाळी वजनासोबत चरबीचा टक्काही दाखवणारा स्मार्ट काटा म्हणतो, चरबी २५ टक्क्यांवरून २५.८ वर गेली! असा आकडा दिसला की आधी ताटातली भाकरी कमी केली जाते. कृपया थांबा. गडबड ताटात नाही, काट्याच्या हिशेबात आहे.

काटा चरबी मोजतच नाही. तळपायांतून अगदी क्षीण वीजप्रवाह सोडतो आणि त्याला किती अडथळा होतो ते पाहतो. पाण्याने भरलेल्या स्नायूतून प्रवाह सहज जातो, चरबीतून जात नाही. अडथळ्यावरून पाण्याचा अंदाज बांधायचा, चरबी सोडून उरलेल्या शरीरात ७३ टक्के पाणी असतं असं धरून त्या भागाचं वजन काढायचं आणि ते एकूण वजनातून वजा करायचं. जी बाकी उरते तिला काटा चरबी म्हणतो. प्रत्येक कंपनी यात वय, उंची, लिंग मिसळून आपलं सूत्र बनवते, पण गाभा हाच.

आता वरचाच हिशेब करून बघा. ७४ किलोला २५ टक्के म्हणजे चरबी १८.५ आणि बाकी शरीर ५५.५ किलो. कर्बोदकं कमी केली की स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, घटतं, आणि ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. समजा १ लिटर पाणी गेलं. काटा १ ला ०.७३ ने भागतो आणि बाकी शरीर १.३७ किलोने घटलं असं धरतो. वजन तर १ किलोनेच उतरलं. मग उरलेले ०.३७ किलो कुठे टाकणार? चरबीत. १८.८७ भागिले ७३, म्हणजे २५.८ टक्के. चरबीचा एक कणही न वाढता! एकादशीला साबुदाणा-बटाटा झाला की ग्लायकोजेन आणि पाणी परत भरतं, वजन वाढतं आणि चरबीचा टक्का खाली येतो. ती घटही तितकीच खोटी.

दुसरी अडचण प्रवाहाच्या वाटेची. तो एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो, पोटाला जेमतेम शिवतो. आपल्याकडे तर मुख्य प्रश्न पोटाचाच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉक्टर जॉन युडकिन यांचा २००४ मधला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला फोटो आठवा: दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३, चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. म्हणून वजन आणि बीएमआय हे या चरबी उतरवण्याच्या मोहिमेचं लक्ष्य नाहीत. कंबर आहे. भारतीयांसाठी पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंमी ही रेषा.

टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, जमिनीला समांतर, सहज श्वास सोडल्यावर. पोट आत ओढायचं नाही. शिंप्याची जुनी कापडी टेप ताणली जाते, फायबरग्लासची घ्या.

कॅलिपरचा, म्हणजे चिमटीची जाडी मोजणाऱ्या चिमट्यासारख्या साधनाचा, मात्र खरा आनंद आहे. उजवी बाजू, बेंबीपासून २ सेंमीवर उभी चिमटी. बोटं जबड्यांच्या १ सेंमी वर, चिमटी स्नायूपासून सुटलेली हवी, जबडे सोडल्यावर २ सेकंदांनी वाचन. तीन वेळा घ्यायचं. फरक २ मिमीहून जास्त आला तर जागा चुकतेय, पेनने खूण करा. व्यायामानंतर किंवा तेल लावलेल्या अंगावर घेऊ नका. स्प्रिंग नसलेल्या प्लॅस्टिकच्या स्वस्त कॅलिपरमध्ये दाब हाताच्या जोरावर जातो, त्यावर पैसे घालू नयेत असं स्पष्ट मत आहे. चिमटीच्या जागा तीन: पुरुषांना छाती, पोट, मांडी. बायकांना दंडाची मागची बाजू, कमरेच्या हाडाच्या वर, मांडी. तिन्हींची बेरीज मिमीमध्येच ठेवा. टक्क्यात बदललं की सूत्राची चूक वर चढते.

पुढचा टप्पा भाकरीचं पीठ २५ ग्रॅमने कमी करण्याचा होता. तो रद्द, कारण तेलाचे आकडे हाती आलेत. बाटली स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून शून्य करा, फोडणीला तेल ओता, बाटली परत ठेवा: उणे आकडा म्हणजे ओतलेलं तेल. १ ग्रॅमला ९ कॅलरी. ‘दोन पळ्या’ म्हणून जे जातं ते सहज ४० ग्रॅम निघतं, म्हणजे ३६०. दिवसाला चारशे कॅलरी कमी खाण्याची ठरवलेली तूट तिथेच जवळपास संपली. शेंगदाण्याचा कूटही तसाच मोजा, १०० ग्रॅमला ५६० च्या पुढे.

लिहिता लिहिता आणखी एक सुचतंय. सोमवारी मोजणं बंद करू या. शनिवार-रविवारचं पापड, लोणचं, बाहेरचं जेवण यांतलं मीठ पाणी धरून ठेवतं आणि सोमवारचं वजन फुगतं. मोजमाप गुरुवारी, शौचानंतर, उपाशीपोटी. वजन मात्र रोजचं, आणि त्याची फक्त ७ दिवसांची सरासरी बघायची. बायकांनी पाळीच्या चक्रातल्या त्याच आठवड्याशी तुलना करावी, पाळीआधी पाणी साचतं.

तर नवा बेत असा: तेल माणशी दिवसाला २० ग्रॅम, प्रथिनं किलोमागे १.६ ग्रॅम (५० ग्रॅम कोरड्या सोया चंक्समध्ये २६ मिळतात), भाकरी आहे तशीच. कंबर आणि चिमट्यांची बेरीज दोन्ही सलग तीन गुरुवार हलली नाहीत, तरच पिठाला हात लावायचा. चरबीच्या टक्क्याचा रकाना तक्त्यातून काढून टाकला आहे.