कोयनेचा आराखडा आणि भूवैज्ञानिक

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झाले आणि पाटण तालुक्यातील जमीन आजही अधूनमधून हादरते. म्हणूनच आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा आखताना भूवैज्ञानिकाला पहिल्या बैठकीपासून सोबत घ्यावे, असे मला कळकळीने वाटते. घाटातील कातळाच्या दोन थरांमध्ये कधी कधी तांबड्या, ठिसूळ मातीचा पट्टा दिसतो. पावसाळ्यात तिथून पाणी पाझरत असेल, तर धक्क्याने वरचा उतार सुटण्याची भीती असते. मदतपथकाने कोणता रस्ता धरावा, निवारा कोणत्या माळावर उभारावा, हे ठरवताना असे उतार पायी हिंडून पाहिलेल्या माणसाचा शब्द मोलाचा असतो. कराडजवळ केंद्र सरकारची भूभौतिकी प्रयोगशाळा आहे आणि गोठणे येथे भूकंपाच्या अभ्यासासाठी ३ किलोमीटर खोल विंधनविवर (जमिनीत पाडलेले अरुंद छिद्र) घेतले गेले आहे. तिथले ज्ञान तलाठी आणि सरपंचांना वाचता येईल अशा गावनकाशावर उतरायला हवे, आणि तेही पावसाळ्यापूर्वी.