मधला भांग

गुंड प्रेमात पडला की सुधारतो, हा आपल्याकडच्या चित्रपटांचा फार जुना आणि तितकाच सोयीचा समज आहे. शर्टाची वरची बटणे उघडी टाकून फिरणारा नायक नायिकेला पाहतो, मध्यंतरापर्यंत दाढी करून माणसांत येतो आणि शेवटी भावी सासऱ्यांच्या पाया पडतो. बाला या दिग्दर्शकाचा १९९९च्या डिसेंबरमध्ये आलेला पहिला तमिळ चित्रपट ‘सेतू’ याच वाटेने निघतो. पण पुढे तो ज्या वळणाला लागतो, त्याची तयारी प्रेक्षकाने केलेली नसते.

सेतू हा कॉलेजातल्या विद्यार्थ्यांचा पुढारी. मित्र त्याला चियान म्हणतात आणि कोणताही वाद हातघाईवर आणल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. त्याचे मन बसते ते एका गरीब पुजाऱ्याच्या मुलीवर. तिरुवण्णामलैच्या देवीचे नाव लावणारी ही अबिता इतकी भित्री आणि अबोल आहे, की तो समोर आला तरी तिचा जीव घाबरा होतो. आपले प्रेम खरे आहे हे पटवण्यासाठी सेतू काय करतो, तर तिला चक्क पळवून नेतो आणि आडजागी नेऊन तिच्यापुढे मन मोकळे करतो. ती विरघळते, आणि आपणही विरघळावे अशी दिग्दर्शकाची अपेक्षा असते. मी काही विरघळलो नाही. भेदरलेल्या मुलीच्या होकाराला होकार म्हणावे का, हा प्रश्न इलयाराजांच्या संगीतानेही मिटत नाही.

तरीही हा चित्रपट मला मोठा वाटतो, कारण सुधारल्याचे बक्षीस तो नायकाला देत नाही. प्रेम जुळते न जुळते तोच जुन्या वैराचा हिशेब चुकवायला गुंड येतात, डोक्यावरच्या मारामुळे सेतूचे भान हरपते आणि त्याची रवानगी मनोरुग्णांच्या आश्रमात होते. पुढे तो शुद्धीवर येतो, तिथून निसटून तिच्या घरी पोहोचतो, तेव्हा तिने जीवन संपवलेले असते. शहाणा झालेला हा माणूस मग आपल्या पायांनी पुन्हा त्या आश्रमाकडे वळतो. उत्तरार्धातले हे दृश्य विक्रमने मुंडण केलेल्या डोक्याने आणि वाळलेल्या शरीराने उभे केले आहे. त्याआधी कितीतरी वर्षे हा नट पडेल चित्रपटांत कामे करत आणि दुसऱ्या नायकांना आवाज देत तग धरून होता. ‘सेतू’ला सुरुवातीला वितरकही मिळेनात, पुढे पाहणाऱ्यांनीच एकमेकांना सांगत तो चालवला आणि त्याला सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चियान हे नाव विक्रमला कायमचे चिकटले, नायिकेनेही अबिता हेच नाव पडद्यासाठी ठेवले, आणि कन्नडमध्ये हीच भूमिका ‘हुच्च’मध्ये करणारा सुदीप किच्चा झाला.

मराठी मुलखात ही कथा पोहोचली ती २००३च्या ‘तेरे नाम’मधून, सतीश कौशिक आणि सलमान खान यांच्या हातून. त्या काळी गावोगावच्या सलूनमध्ये आरशाशेजारी सलमानचा फोटो लागला होता, आणि कपाळाच्या दोन्ही बाजूंना केसांच्या झिपऱ्या सोडलेला तो मधला भांग अकरावी-बारावीच्या पोरांनी इतक्या निष्ठेने पाडला, की वर्गात मागच्या बाकावरून पाहिले तर कोण कुठला हे कळू नये. शिक्षक ओरडत, आया तेल थापून तो भांग मोडत, आणि शाळेचे फाटक ओलांडले की पोरे ओल्या कंगव्याने तो पुन्हा पाडत. त्याच चित्रपटात पुढे नायकाचे डोके भादरले जाते. तो फोटो मात्र कोणत्याही सलूनवाल्याने लावला नाही, आणि लावला असता तरी त्याच्याकडे बोट दाखवून ‘असे कापा’ म्हणणारे गिऱ्हाईक त्याला मिळाले नसते.