खडचीचा हिशेब

नदीतल्या मोठ्या खडची माशाचा एकच खवला तळहातावर घेऊन उन्हात धरावा. ओंडक्यावर असतात तशी वर्तुळं दिसतात. वाढ मंदावली त्या दिवसांत ती दाटीनं उमटतात, जाणकार त्यावरून वय काढतात. रोहूच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एका ओळीत चाळिसेक खवले, खडचीला २५-२७ पुरतात. काटकसर अशी अंगापासूनच.

महसीर म्हणून बोलबाला असलेल्या मोठ्या नदीमाशांतलीच ही. इंग्रज लष्करी अधिकारी नि निसर्गअभ्यासक सायक्सनं १८३९ साली शास्त्रीय नाव दिलं ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशाला. आज त्या नदीचं पाणी पाहून हे खरं वाटत नाही.

जबड्यात एकही दात नाही. ओठ जाड, मिशांच्या दोन जोड्या. गोट्यांमधलं खाणं त्या चाचपून शोधतात. दात आहेत ते घशात, तीन ओळींत. गोगलगाय, खेकडा तिथं भरडला जातो. डोहावरच्या उंबराची फळंही चालतात.

खरी कंजुषी अंड्यांत. रोहू किलोमागे लाखाच्या वर अंडी सोडते, खडची काही हजार. पण ती मोठी, बलकानं भरलेली, सोनेरी आणि जड. पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध चढून गोट्यांच्या तळावर टाकलेली. रोहूचं अंडं तरंगत दिवसाच्या आत फुटतं, हिचं तळाशी पडून तीन-चार दिवस घेतं. पिल्लंही बलक संपेपर्यंत डोकी फटीत खुपसून ढीग करून पडतात. एवढ्या काळात वरून गाळ बसला की अंडी गुदमरलीच. वाळूउपसा नि धरणं हिच्या मुळावर येतात ती यामुळं.

लोणावळ्याला वळवणच्या टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात हाच तळ ट्रेमध्ये उभा करतात. मादीचं पोट हलकेच दाबून अंडी कोरड्या भांड्यात घ्यायची, त्यावर नराचं वीर्य, पिसानं ढवळायचं, मगच पाणी. कारण पाणी लागलं की शुक्रजंतू जेमतेम मिनिटभर चालतात. अंडी एकाच थरात, वरून वाहतं पाणी. पांढरं पडलेलं अंडं लगेच उचलावं लागतं, नाहीतर त्यावरची कापसासारखी बुरशी शेजाऱ्यांना धरते.

महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात वरदायिनी देवीचे म्हणून या माशांना कुणी हात लावत नाही. लोणावळ्याची पिल्लं कावेरीतही सोडली गेली. तिथं ती फोफावली, आणि कावेरीचा स्वतःचा कुबडवाला, नारिंगी परांचा महसीर मात्र दिसेनासा होत गेला.