बूच लागलं, दोरी सुटली

"बूच लागलंय ना?" नवऱ्यानं विचारलं. घरून निघाल्यापासूनची ही चौथी वेळ.

"लागलंय. स्वतःच्या हातानं लावलंय."

बोट घेतल्यापासून या बुचानं आमची झोप उडवली होती. बोटीच्या मागच्या बाजूला, अगदी तळाशी, साचलेलं पाणी काढायला एक भोक असतं. बोट ट्रेलरवर असताना ते उघडं ठेवतात आणि पाण्यात सोडण्याआधी तिथे बूच बसवतात. विसरलं तर काय होईल, याचं गणित नवऱ्यानं आदल्या रात्री वहीत मांडून दाखवलं होतं. भोक 25 मिलिमीटरचं, पाण्याच्या पातळीपासून साधारण 30 सेंटिमीटर खाली, म्हणजे मिनिटाला चाळीसेक लिटर पाणी आत. दहा मिनिटांत 400 लिटर, म्हणजेच 400 किलो. आमची बोट इंजिनासकट 700 किलोची. हे ऐकल्यावर बुचाचं खातं मी माझ्याकडेच घेतलं.

तीन तासांचा रस्ता तोडून सरोवरावर पोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. पाण्यावर धुकं होतं, पण ते बघायला डोळे मोकळे नव्हते. समोर सार्वजनिक रॅम्प, आमच्या आधी चार गाड्या, आणि प्रत्येकीच्या मागे बोट. रॅम्प म्हणजे काय, तर थेट पाण्यात उतरत जाणारा काँक्रीटचा उतार. चाकं घसरू नयेत म्हणून त्यावर तिरप्या खाचा पाडलेल्या, शेजारी लाकडी धक्का. उतार सहसा 12 ते 15 टक्के ठेवतात, म्हणजे दहा मीटर गेलं की सव्वा-दीड मीटर खाली. याहून कमी असेल तर बोट तरंगेपर्यंत गाडीचं मागचं अंग पाण्यात जातं, आणि जास्त असेल तर ओल्या काँक्रीटवरून ट्रेलर वर ओढताना गाडीची चाकं जागच्या जागी फिरतात.

रॅम्पचा पहिला नियम मी वाचून गेले होते, तिथे तो डोळ्यांनी पाहिला: रॅम्पवर तयारी करायची नाही. तयारीची जागा वर, बाजूला. मागचे पट्टे तिथेच सोडायचे, सामान तिथेच भरायचं, दोऱ्या, लाइफ जॅकेट, बूच सगळं तिथेच. ट्रेलरच्या दिव्यांची वायरही तिथेच काढून ठेवायची, कारण गरम दिवा गार पाण्यात बुडाला की फुटू शकतो. मग आपला नंबर आला की खाली उतरायचं आणि दोन-चार मिनिटांत जागा मोकळी करायची. आमच्या पुढच्या एका गृहस्थांनी मात्र रॅम्पच्या मधोमध गाडी लावून, मागे रांग उभी असताना, घरून आणलेल्या सातआठ पिशव्या एकेक करून बोटीत चढवल्या. मध्येच थांबून चष्म्याला क्रीमचे हात लागले म्हणून तो पुसला. कुणी हॉर्न वाजवला नाही. पण त्या शांततेत जे काही होतं ते हॉर्नपेक्षा बरं नव्हतं.

थांबावं लागलं ते एका परीनं बरंच झालं. ट्रेलरच्या चाकांचे बेअरिंग लांबच्या प्रवासानं तापलेले असतात. तसेच गार पाण्यात बुडवले तर आतली हवा एकदम आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचलं जातं. ग्रीस धुतलं जातं, गंज चढतो, आणि मग पुढच्या एखाद्या प्रवासात भर रस्त्यात चाक आवाज करायला लागतं. नवरा खाली वाकून हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, हात लावून आला. "अजून कोमट आहे," म्हणाला. ज्वर बघावा तसा.

मग ते झालं. आमच्या पुढे दोनच गाड्या उरल्या होत्या. ट्रेलरच्या पुढच्या टोकाला विंच असते, म्हणजे हातानं फिरवायची गरारी; तिचा पट्टा बोटीचं नाक धरून ठेवतो. एका माणसानं वेळ वाचवावा म्हणून हा विंचचा पट्टा आणि सुरक्षेची साखळी वरच, सपाटीवरच सोडली होती. त्याचा ट्रेलर रोलरवाला. ज्या ट्रेलरवर बोट गालिचा लावलेल्या फळ्यांवर बसते तिथे ती जरा धरून राहते. रोलरवर तिला फक्त बहाणा लागतो. उताराच्या मध्यावर त्यानं ब्रेक दाबला. ट्रेलर थांबला. बोट थांबली नाही.

फायबरग्लास काँक्रीटवर आपटल्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला आणि पुन्हा ऐकायची इच्छा नाही. पाणी अजून चार हात लांब होतं. तो माणूस गाडीतून उतरला आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवून नुसता उभा राहिला. मला वाटलं, आता हशा पिकणार. पण रांगेतले सहासात जण न बोलता खाली गेले. कुणी फळ्या आणल्या, कुणी त्याच्याच विंचचा पट्टा पुन्हा अडकवला, कुणी ट्रेलर बोटीखाली बरोबर सरळ येईल असा मागे घ्यायला लावला. पाऊण तासानं बोट परत ट्रेलरवर चढली. मागच्या कडेला हातभर ओरखडा, आतला धागा दिसत होता. तो तसाच घरी गेला. जाताना प्रत्येकाचे आभार मानत होता आणि कुणाच्या डोळ्यांत बघत नव्हता.

साखळी शेवटपर्यंत सोडायची नाही. बोटीची शेपटी तरंगायला लागली, की मगच. हे मी तोंडातल्या तोंडात तीनदा म्हटलं.

आमचा नंबर आला. गाडी मागे घ्यायचं काम माझ्याकडे होतं, कारण मोकळ्या मैदानात दोन बादल्या ठेवून केलेल्या सरावात नवऱ्यानं दोन्ही बादल्या चेपल्या होत्या आणि मी एकच. ट्रेलर मागे घेताना सगळं उलटं चालतं: ज्या बाजूला गाडीचं स्टिअरिंग फिरवाल, त्याच्या विरुद्ध बाजूला ट्रेलर जातो. यावर एक साधा तोडगा आहे. स्टिअरिंग खालून धरायचं, मग हात जिकडे नेऊ तिकडे ट्रेलर वळतो. छोटा ट्रेलर मोठ्यापेक्षा जास्त खट्याळ, लगेच वाकडा होतो. आणि एकदा तो काटकोनाकडे जायला लागला, की त्याच्याशी भांडत बसायचं नाही. सरळ पुढे जायचं, नीट करायचं, पुन्हा मागे यायचं. मी चार वेळा पुढे गेले. आरशात नवरा दोन्ही हात हवेत हलवत होता. त्यातला कुठला इशारा "ये" आणि कुठला "थांब", हे आम्ही घरी ठरवलं नव्हतं. शेवटी मी त्याच्याकडे बघणंच सोडलं आणि गाडी सरळ गेली.

चाकं पाण्यात गेली. हँडब्रेक लावला. नवऱ्यानं साखळी सोडली, विंचचा पट्टा सोडला, बोटीच्या नाकाला हात लावून हलकेच लोटलं. बोट अशी अलगद निघाली, की मला गाडीत बसल्या बसल्या टाळी वाजवाविशी वाटली. मी गाडी वर घेतली, ट्रेलरच्या लांबीएवढ्या आखलेल्या जागेत लावली आणि धावत धक्क्यावर आले.

नवरा धक्क्यावर उभा. बोट त्याच्यापासून पंधरा हात लांब.

"दोरी?" मी म्हटलं.

"तुझ्याकडे होती ना?"

दोरी बोटीतच होती. मीच तिचं सुंदर गोल वेटोळं करून पुढच्या बाजूला ठेवलं होतं, त्यानं हातात घ्यावी म्हणून. त्यानं वेटोळं पाहिलं होतं आणि त्याला वाटलं होतं, हिनं दुसरं टोक कुठेतरी बांधलं असणार. चार वेळा बूच विचारलं, दोरीचं नाव कुणी काढलं नाही. किल्ली त्याच्या खिशात. वारा किनाऱ्याकडून आत वाहणारा. आमची बोट, बूच अगदी घट्ट बसवलेली, एक थेंब आत न घेता, निवांतपणे सरोवराच्या मध्याकडे निघाली होती.

नवरा बूट काढायला लागला. मी त्याचा दंड धरला. पाणी गार होतं आणि वाऱ्यावर निघालेल्या रिकाम्या बोटीला पोहून गाठणं भल्याभल्यांना जमत नाही. अशाच पाठलागात माणसं दमून बुडतात. बोट गेली तर गेली. तेवढ्यात मासेमारी करून परतणारं एक वयस्क जोडपं आपल्या छोट्या ॲल्युमिनियमच्या बोटीतून आलं. त्या बाईंनी वाकून आमची दोरी उचलली आणि आमची बोट मागे बांधून आणली. धक्क्याला लागल्यावर त्या काहीच बोलल्या नाहीत. नवऱ्यानं हात पुढे केला होता. त्यांनी दोरीचं टोक माझ्या हातात दिलं.

दिवस छान गेला. त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. पाणी, ऊन, दोन बगळे.

परतताना रॅम्पवर गर्दी दुप्पट. एकजण इंजिनाच्या जोरावर बोट ट्रेलरवर चढवत होता, शेजारी "असे करू नये" असा फलक असताना. त्यात वाईट काय, असं मलाही आधी वाटायचं. पण पंख्याच्या झोतानं काँक्रीटच्या टोकापलीकडची माती उकरली जाते, तिथे खड्डा पडतो आणि एखाद्या दिवशी कुणाच्या तरी ट्रेलरचं चाक त्या टोकावरून खाली जाऊन अडकतं. खड्डा करणारा तेव्हा घरी असतो. आम्ही विंचनं हातानं ओढली. वेळ लागला, खांदे भरून आले.

वर, बाजूला येऊन बूच काढलं, ट्रेलरच्या फटींत अडकलेलं शेवाळ आणि गवत ओढून काढलं. हे सौंदर्यासाठी नाही. झेब्रा शिंपला हा काळ्या आणि कॅस्पियन समुद्राकडचा नखाएवढा प्राणी. जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून तो उत्तर अमेरिकेत पोचला, 1988 मध्ये तिथल्या सेंट क्लेअर सरोवरात सापडला, आणि पुढे एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना त्याला ट्रेलरवरच्या बोटींनी फुकट प्रवास घडवला. त्याची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून काढा, रिकामं करा, वाळवा.

अंधारून आलं होतं. एक तरुण जोडपं रात्रीच्या मासेमारीला बोट उतरवत होतं. खाली येणाऱ्याचे डोळे दिपू नयेत म्हणून मुलानं हेडलाइट बंद करून फक्त पार्किंगचे दिवे ठेवले होते. त्याला रीत माहीत होती. "बूच?" त्यानं विचारलं. "लावलंय," ती म्हणाली. बोटीच्या पुढच्या बाजूला दोरीचं गोल वेटोळं नीट ठेवलेलं होतं.

न मागितलेला सल्ला ही रॅम्पवरची सगळ्यात नकोशी गोष्ट, हे दिवसभरात मला चांगलं कळलं होतं. मी धक्क्यावर गेले.

"दोरी मी धरू का?" म्हटलं.

ते दोघं एकमेकांकडे बघायला लागले.