व्हीलचेअरवरून वेरूळ: खोली घेण्याआधी बाथरूमचं दार मोजून घ्या

वेरूळचं कैलास लेणं व्हीलचेअरवरून बरंचसं बघता येतं. खरा प्रश्न मुक्कामाचा असतो, म्हणून आधी हॉटेलबद्दलच लिहिते.

"व्हीलचेअर चालेल ना?" असं फोनवर विचारलं की उत्तर ठरलेलं: "हो मॅडम, रॅम्प आहे, लिफ्ट आहे, शिवाय आमची मुलं उचलून नेतील." मला कोणी उचलून न्यायला नको आहे. पैसे मोजून घेतलेली खोली मला एकटीला वापरता आली पाहिजे. त्यामुळे मी आता हो-नाहीचे प्रश्न विचारत नाही. बाथरूमच्या दाराला टेप लावा, फोटो काढा आणि व्हॉट्सअॅपवर पाठवा, एवढंच सांगते. दार पूर्ण उघडून, पल्ल्यापासून समोरच्या चौकटीपर्यंत मोजायला सांगायचं. पल्ल्याची जाडीच तीन-चार सेंटिमीटर खाते.

छत्रपती संभाजीनगरात नेमकं तेच निघालं. चौकट ६६ सेंटिमीटर, पल्ला उघडल्यावर उरले ६२ आणि माझी खुर्ची ६४. फोटोवरून हे आधीच कळल्यामुळे आम्ही पोचायच्या आत मॅनेजरने सुताराकडून पल्ला बिजागऱ्यांतून काढून घेतला आणि तिथे जाड पडदा लावला. पलंग खुर्चीपेक्षा बराच उंच होता. दोन गाद्यांपैकी वरची काढल्यावर माझी मी पलंगावर सरकू शकले. दोन्ही कामांना खर्च जवळपास काहीच नाही. मागितलं तर मिळतं, पण मागताना नेमकं मागावं लागतं.

आधाराचा दांडा मात्र नव्हता. कमोडशेजारचा टॉवेलचा रॉड पाहून हात तिकडे जातो, पण त्यावर भार टाकू नका, तो माणसाच्या वजनासाठी बसवलेला नसतो. आंघोळीला दिलेली प्लास्टिकची खुर्ची ओल्या फरशीवर सरकते. मी रबराची मॅट सोबत नेते आणि जड स्टूल मागवून घेते. निघताना मॅनेजरने दांडा कुठे लावायचा ते विचारलं. कमोडच्या सीटपासून साधारण वीतभर वर, भिंतीत पक्का, असं त्याला जागा दाखवून सांगितलं.

रॅम्पचंही तसंच. एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या एका पायरीलाही १८० सेंटिमीटरचा रॅम्प लागतो. बऱ्याच ठिकाणचा उतार सामानाची ट्रॉली ओढण्यापुरता असतो. त्यावरून एकट्याने खाली उतरणं धोक्याचं आहे.

पर्यटन मंत्रालयाच्या तारांकित वर्गीकरणाच्या नियमांत दिव्यांग पाहुण्यांसाठी किमान एक खोली, एक मीटर रुंद दार, कमी उंचीचं फर्निचर, शिवाय आवाजासोबत लुकलुकणाऱ्या दिव्याचा अलार्म हे सगळं आहे. हा दिवा फार महत्त्वाचा. ज्याला ऐकू येत नाही, त्याला रात्री आग लागल्याचं कळणार कसं? तारांकित हॉटेलात राहणार असाल तर "ती खोली" असं नाव घेऊन मागा. साध्या लॉजलाही २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा लागू आहे. खासगी सेवा त्यातून सुटलेल्या नाहीत.

आता वेरूळ. शहरापासून साधारण ३० किलोमीटर, मंगळवारी बंद. सकाळी लवकर जा, दगड तापायच्या आत. १६ क्रमांकाचं कैलास लेणं सगळ्यात सोयीचं, कारण त्याचं प्रांगण खालच्या पातळीवर आहे. महाकाय हत्ती, ध्वजस्तंभ, रामायण-महाभारताचे पट, कैलास हलवणारा रावण, हे सगळं खालूनच दिसतं. फरशी मात्र कातळाची, उंचसखल; पुढची छोटी चाकं अडकतात, सोबत एक माणूस हवाच. वरच्या मंडपाला पायऱ्या आहेत. मी खालीच थांबले आणि रावणापाशी मनसोक्त वेळ घालवला. ३२ व्या जैन लेण्याच्या बाजूला गाडीने जाता येतं. बीबी का मकबऱ्यात चौथऱ्यावर चढायला पायऱ्याच आहेत, तेव्हा तिथला बेत बागेपुरताच ठेवा.