त्याज्य मूळ

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्या, असा निरोप आला, तेव्हा माझ्या कामातील एका अडचणीविषयीच लिहायचे मी ठरवले. कारण तिचा उलगडा करताना मला थेट दहावीच्या वर्गातील फळा आठवला होता. मी मोबाइलवरचे गेम तयार करतो आणि गेली दोन वर्षे नाशिकमध्येच घरी बसून कॅरमचा एक गेम घडवतो आहे. कॅरमची गोडी शाळेनेच लावली. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले की गोदाकाठच्या मुलांना लवकर घरी सोडत, आणि लांब राहणारे आम्ही काही जण पाऊस ओसरेपर्यंत सभागृहात थांबत असू. तिथे खिडकीखाली शाळेचा एकुलता एक बोर्ड असे आणि डब्याच्या तळाशी उरलेली बोरिक पावडर बोटांनी खरवडून आम्ही त्यावर पसरत असू.

पडद्यावरच्या दोन वस्तूंची टक्कर हाताळायची म्हणजे दोन प्रश्न सोडवायचे असतात. टक्कर झाली का, आणि झाली तर नेमकी केव्हा, हा पहिला. झाल्यानंतर कोणाचा वेग किती, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर आम्हाला नववीतच संवेग अक्षय्यतेच्या धड्यात मिळाले होते. स्पर्धेच्या नियमांत सोंगटी ५ ते ५.५ ग्रॅमची आणि स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा असतो. १५ ग्रॅमचा स्ट्रायकर ५ ग्रॅमच्या सोंगटीवर समोरून आदळला आणि धडकेत ऊर्जा वाया गेली नाही असे धरले, तर सोंगटी स्ट्रायकरच्या दीडपट वेगाने सुटते आणि स्ट्रायकर निम्म्या वेगाने तिच्या मागून पुढे जात राहतो. प्रत्यक्षात थोडी ऊर्जा आवाजात आणि उष्णतेत जाते, त्यासाठी एक गुणांक लावावा लागतो. पण हिशेब तोच आहे आणि तो चार ओळींत संपतो.

मला अडवले ते पहिल्या प्रश्नाने. संगणकाला हालचाल सलग दिसत नाही. तो सेकंदाचे बहुधा ६० तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्याच्या अखेरीस कोणती वस्तू कुठे आहे, एवढेच पाहतो. नाशिककरांना हे समजावायला मला गोदापात्रातला दुतोंड्या मारुती पुरतो; पूर किती चढला हे त्याच्या मूर्तीवरूनच आम्ही ठरवतो. सकाळी पाहिले तेव्हा पुराचे पाणी मारुतीच्या गुडघ्याला होते आणि दुपारी पाहिले तेव्हा छातीला होते, तर ते कमरेला केव्हा लागले हे दोनदाच डोकावणाऱ्याला सांगता येत नाही. स्ट्रायकर सेकंदाला ६ मीटर वेगाने सुटला, तर एका तुकड्यात तो १० सेंटिमीटर पुढे जातो. स्ट्रायकरचा व्यास सुमारे ४.१ आणि सोंगटीचा ३.१ सेंटिमीटर असल्यामुळे, दोन्हींची केंद्रे एकाच रेषेत असली तरी, ती एकमेकांना भिडलेली असतील असा टप्पा जेमतेम ७.२ सेंटिमीटरांचा भरतो. म्हणजे एका तुकड्यात स्ट्रायकर सोंगटीच्या अलीकडे आणि पुढच्या तुकड्यात पलीकडे, असे सहज घडते. कडेने काप मारला तर हा टप्पा आणखी आखूड होतो; म्हणून सरळ फटके कधीकधी हुकत, पण बारीक काप बहुतेक वेळा हुकत.

सुरुवातीला मी एरिन कॅटो यांचे ‘बॉक्सटूडी’ हे तयार इंजिन, म्हणजे हालचाल आणि टकरींचा हिशेब करून देणारी आज्ञावली, वापरत होतो. तिथे मला एक विचित्र गोष्ट दिसली. स्ट्रायकर सोंगट्यांमधून आरपार जाई, पण बोर्डाची लाकडी चौकट मात्र त्याने एकदाही ओलांडली नाही. माहितीपुस्तिका नीट वाचल्यावर कारण कळले. हे इंजिन हलत्या आणि स्थिर वस्तूंमधील वाटेवरची, म्हणजे दोन तुकड्यांच्या मध्ये होणारी, टक्कर आपणहून तपासते. दोन हलत्या वस्तूंमधील तशी तपासणी हवी असेल, तर त्या वस्तूवर ‘बुलेट’ अशी खूण करावी लागते. शिवाय ते १० सेंटिमीटर ते १० मीटर आकाराच्या वस्तूंसाठी जुळवलेले आहे आणि माझी सोंगटी ३ सेंटिमीटरांची होती. सेकंदाला १ मीटरपेक्षा कमी वेगाने होणाऱ्या धडकेला ते उसळी देत नाही, म्हणून माझे हलके, मोजून मारलेले फटके मेल्यासारखे पडत. सगळी मापे दहापट करून हे सुधारता आले असते. पण १९ सोंगट्या, एक स्ट्रायकर आणि चार भिंती एवढाच माझा संसार होता आणि भिंती सोडल्या तर त्यात जोड्या होतात १९०. तेव्हा टक्कर शोधण्याचे काम स्वतःच लिहावे, असे मी ठरवले.

दोन वर्तुळे सरळ रेषेत चालली असतील, तर त्यांच्या केंद्रांमधील अंतर त्रिज्यांच्या बेरजेइतके केव्हा होईल, हे विचारले की समोर वर्गसमीकरण उभे राहते आणि त्यातील अव्यक्त संख्या म्हणजे काळ. विवेचक, म्हणजे उत्तराच्या सूत्रातील वर्गमुळाखालची राशी, ऋण आला तर भेट नाही. धन आला तर दोन मुळे, म्हणजे दोन उत्तरे, मिळतात: लहान मूळ म्हणजे भिडण्याचा क्षण, आणि मोठे मूळ म्हणजे आडकाठी नसती तर एकमेकांतून बाहेर पडण्याचा क्षण. ऋण काळ निरर्थक म्हणून मी तो टाकून देई आणि उरलेल्यांतला लहान घेई. शंभरातले नव्व्याण्णव फटके अचूक बसू लागले. मात्र चिकटून असलेल्या दोन सोंगट्यांवर फटका बसला की कधीतरी एक दुसरीत शिरून पलीकडून बाहेर येई आणि मग त्यांची टक्कर होई. मी तीन आठवडे हे पाहत होतो.

आणि मग एका रात्री बीजगणिताच्या बाई आठवल्या. १९९८ साली, आमच्या दहावीच्या वर्षी, त्यांनी गच्चीवरून वर फेकलेल्या चेंडूचे गणित घातले होते: गच्ची १५ मीटर उंच, चेंडूचा वेग सेकंदाला १० मीटर, गुरुत्वत्वरण १० धरायचे, तर चेंडू जमिनीवर केव्हा पडेल? उत्तरे आली ३ आणि उणे १. मी उणे १ पुढे ‘त्याज्य’ लिहून वही पुढे केली. बाईंनी तो शब्द खोडला नाही. त्याच्याशेजारी लाल शाईने लिहिले, ‘का? ते मूळ काय सांगते?’ मला सांगता आले नाही, तेव्हा त्यांनी फळ्यावरचा आलेख डावीकडे वाढवला. चेंडू गच्चीवरून नव्हे, तर जमिनीवरूनच निघालेला असता, तर तो एक सेकंद आधी, २० मीटरच्या वेगाने निघालेला असता. त्याज्य जरूर लिहा, पण आधी त्याचा अर्थ एका ओळीत लिहा, असा त्यांचा दंडक पुढे वर्षभर राहिला.

मी कागद घेऊन माझ्या ऋण मुळाचा अर्थ लिहायला बसलो. एक मूळ ऋण आणि दुसरे धन, याचा अर्थ भिडण्याचा क्षण होऊन गेला आहे आणि सुटण्याचा अजून यायचा आहे. म्हणजे सोंगट्या आत्ता, या क्षणी, केसभर का होईना, एकमेकींत शिरलेल्या आहेत. दशांश चिन्हानंतरच्या अंकांना संगणकात मर्यादा असल्यामुळे एवढी घुसखोरी होतच राहते. मी खरे मूळ टाकून देत होतो आणि सुटकेच्या क्षणाला टक्कर समजत होतो. आता एक मूळ ऋण आणि दुसरे धन आले, तर सोंगट्या जवळ येत आहेत की दूर जात आहेत, ते मी पाहतो. जवळ येत असतील तर टक्कर याच क्षणी धरतो, आणि दूर जात असतील तर त्यांना जाऊ देतो. दुरुस्ती दोन ओळींची होती. त्यांच्या वर मी मराठीत बाईंचा प्रश्न टिपण म्हणून लिहून ठेवला आहे.

एक गोष्ट अजून मनासारखी झालेली नाही. पहिला स्ट्रोक बसतो तेव्हा राणीभोवतीच्या साऱ्या सोंगट्यांची एकाच क्षणी टक्कर होते. संगणक मात्र त्या एकामागून एक सोडवतो आणि क्रम बदलला की सोंगट्यांची पांगापांग बदलते. अगदी मधोमध मारलेल्या फटक्यालाही डावी आणि उजवी बाजू सारखी फुटत नाही.

महोत्सवाच्या प्रदर्शनात सभागृहातला तो जुना बोर्ड मांडणार असल्याचे समजले. त्याच्या शेजारी माझा फोनही ठेवण्याची परवानगी मी मागितली आहे. आजच्या विद्यार्थ्यांनी एकच काप दोन्हींवर मारून पाहावा, आणि सोंगटी वेगळ्या दिशेला गेली तर ती कुठे होती व कुठे गेली, याचे चित्र शेजारच्या वहीत काढून ठेवावे. ती वही मी घरी नेणार आहे.